बूच लावलेली मोटारसायकल

नागपूरहून निघालो तेव्हा मोटारसायकल लखलखत होती आणि ती पुसून पुसून माझे खांदे भरून आले होते. गाडी मूळची काकांची. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ती मला दिली, पण अट घातली. वर्षातून एकदा रायपूरला आणून दाखवायची, आणि हयगय दिसली तर गाडी तिथंच राहील. यंदा काकूंनी फोनवर बजावलं होतं, "माझ्या अंगणात तेलाचे डाग पाडशील तर याद राख." इंजिनाच्या पोटातून एक रबरी नळी बाहेर येते, तिच्यातून तेलाचे थेंब पडत. मी तिला लाकडी बूच ठोकलं. तंत्रनिकेतनात मी इंजिन हाच विषय शिकवतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुर्ग मागं पडलं. काका बूढापाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती) राहतात, पण सरळ तिकडं जाईन तर मी कसला! आधी नवा रायपूर, म्हणजे राज्याची नवी राजधानी, बघायला गेलो. रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर पत्र धाडावं. माणूस मात्र नव्हता. मोकळा रस्ता पाहून मी मूठ पिळली. जळक्या तेलाचा वास शिरल्यापासून येत होता. म्हटलं, असेल कुठला तरी कारखाना. मग बूट पाय ठेवायच्या दांडीवरून घसरायला लागला. खाली पाहिलं तर तो तेलानं न्हालेला.

राजधानीत सगळं होतं, मेकॅनिक तेवढा नव्हता. पंडरीच्या बाजारात कापड आणायला निघालेला एक रिकामा टेम्पो थांबला.

"भैया, बूढापारा छोड़ दोगे?"

"हव," (हो) म्हणत चालकानं गाडी चढवायला हातही लावला.

त्यानं बूढापाऱ्यातल्या तलावाजवळ एका गॅरेजपाशी उतरवलं. तिथले वानखेडे मिस्त्री मूळचे अमरावतीकडचे. त्यांनी बूच उपटून माझ्यासमोर धरलं.

"हे काहून ठोकलं?"

"तेल गळत होतं."

"पिस्टन खाली येते तं खालची हवा कुठं जाईन? या नळीतून बाहेर. तुम्ही तिचं दार लावलं, तं तिनं सील फोडून तेल बाहेर काढलं. वरून परतणारं तेलही तिनं अडवून ठेवलं. तुम्ही करता काय?"

"मास्तर आहे."

"कायचे?"

मी तलावाकडं पाहू लागलो.

नवं सील, नवं तेल घालून दुपारी काकांकडं पोचलो. काकूंनी फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) वाढला. काका स्टुलावर बसून इंजिन न्याहाळत होते. नव्या सिलावर त्यांचं बोट थांबलं. थाप मारता आली असती, पण मारली नाही. सगळं सांगून टाकलं.

काका हसले. "बूच मीबी लावलं होतं एकदा, तुह्या काकूच्या पायी. जळका वास कवा आला तुले?"

"राजधानीत शिरतानाच."

"अन् थांबला कवा?"

"बुटावर तेल दिसलं तेव्हा."

काकांनी हात पुढं केला. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

परतीला रेल्वे होती. खिडकीशी बसून मी काकांवर रागवायचा बराच प्रयत्न केला. चुकीला त्यांच्याकडं माफी आहे. वास येऊनही मूठ पिळत राहणाऱ्याला नाही. ते मला पटलं, आणि म्हणूनच फार लागलं.