झोपाळ्याचा रंग का टिकेना

"लोखंडच खोटं हाय मावशी, माझ्या रंगात काय बी खोट न्हाय," रंगारी म्हणत होता.

मी शाळेच्या ओसरीवर मुलींचे निबंध तपासत बसले होते. मान वर न करता ऐकत राहिले.

"लोखंड कसलं खोटं? दृष्ट लागलीया त्याला," मावशी म्हणाली. "आख्ख्या पेठेत पोरींना एकच झोपाळा. समद्यांचा डोळा हितंच की."

"मग लिंबू-मिरची बांधा त्याला."

"तुझ्याच गळ्यात बांधते, थांब."

मावशी आमच्या शाळेची शिपाईण. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू, शाळेत इथली मराठी. घंटा तिची, पाण्याचा माठ तिचा, आणि अंगणातला लोखंडी झोपाळाही तिचाच, असं ती मानत असे. दोन जाड खांब, वर आडवी दांडी, साखळ्यांना टांगलेली फळी. रंग हिरवा. पण तो वर्षभरही टिकत नसे. पोपडे निघत, खाली गंज चढे, मुलींच्या परकरांना तांबूस डाग पडत आणि त्यांच्या आया तक्रार घेऊन येत. संस्थेच्या चिटणीसांनी अखेर सांगून टाकलं होतं, यंदा रंग लावून बघू. पुन्हा गंज दिसला तर झोपाळा उपटून भंगारात.

ते ऐकल्यापासून मावशी त्याच्यापाशी घुटमळत असे. मुली गेल्यावर साखळ्या पुसायची. एकदा फळीवर नुसतीच बसलेली दिसली, पाय टेकवून, झोका न घेता.

शाळेत इंग्रजी शिकवण्याचं माझं हे दुसरं वर्ष होतं. माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. शिक्षिकांच्या खोलीत मी तोंड उघडलं की कुणीतरी हसून विचारी, "मड्डम, याला तुमच्यात काय म्हणतात?" त्यामुळे बोलण्यापेक्षा बघायची सवय लागली होती.

त्या दिवशी रंगारी गेल्यावर मी झोपाळा बघायला गेले. मनात एकच प्रश्न होता. रंग एक, ऊन एक, लोखंडही एक. मग सगळीकडून सारखाच का निघत नाही? वरची दांडी तर दिवसभर उन्हात तापणारी. पण तिच्यावरचा रंग तुकतुकीत होता. दोन्ही खांबही वरच्या अंगाला चांगले होते. पोपडे होते ते खालीच, आणि एका ठरावीक उंचीवर एकदम थांबत होते, जणू कुणी तिथे रेघ मारली होती.

मुलींचे हात लागून, असं आधी वाटलं. पण मुली खांबाला कशाला धरतील? त्या साखळ्या धरतात. शिवाय ती उंची त्यांच्या हातापलीकडची होती. नखाने एक पोपडा काढला आणि उलटा केला. आतली बाजू किंचित पिवळी, चिकट. वास घेतला. करडईचं तेल.

तो पोपडा मी रुमालात गुंडाळून घरी नेला आणि उगाचच दोनतीनदा काढून बघितला.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. मावशीने माठाचं ओलं फडकं वाळत घालायला झोपाळ्याच्या खांबाकडे हात उंच केला. तिथे एक खिळा होता. टाचा उचलून तिची बोटं जेमतेम खिळ्यापर्यंत पोचली. पोपड्यांची रेघ बरोबर तिथेच होती.

मग गेल्या वर्षीची सकाळ आठवली. रंगारी डबा उघडायच्या आधी मावशी वाटी घेऊन आली होती. खंडेनवमीला हत्यारांना करतात तसं तिने झोपाळ्याला तेल चोपडलं, हळदकुंकू लावलं, नमस्कार केला. आणि रंगाऱ्याने त्यावरच ब्रश फिरवला होता. पूजा झालेली पुसायची कशी, म्हणून.

आता हे सांगायचं कुणाला? चिटणीसांना सांगितलं तर ते पूजा बंद करतील आणि चारचौघांत मावशीला बोलतील. मावशीला सांगायचं तर कोणत्या तोंडाने? ज्या झोपाळ्यासाठी तिचा जीव तुटतो, त्याला तिच्याच हाताने गंज चढतो, हे? मनात वाक्यं जुळवत राहिले. सगळी एखाद्या शास्त्राच्या पुस्तकातल्यासारखी निघत.

रंगाचा दिवस उजाडला. रंगाऱ्याने तारेच्या ब्रशाने गंज खरवडला, काचकागद फिरवला. लोखंड खाली राखाडी, स्वच्छ दिसू लागलं. मावशी वाटी घेऊन आलीच. या खेपेस तेल जास्तच होतं. दोन्ही खांबांना, टाचा उचलून, हात जाईल तिथपर्यंत. हळदीची बोटं ओढली. डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहिली.

"झालं का मावशी? ऊन चढतंय," रंगारी म्हणाला आणि रंगाआधी लावायच्या अस्तराच्या डब्यात ब्रश बुडवला.

मी ओसरीवरून उतरले. कशी उतरले ते आठवत नाही. दोघंही माझ्याकडे बघू लागली, कारण मी आपणहून तिथे कधी जात नसे. रंगाऱ्याचा ब्रश ठिबकत होता.

"काय बाई?" मावशीने विचारलं.

"मावशी," मी म्हणाले, "दिवाळीत तेल लावल्यावर पोरांना न्हाऊ न घालताच नवे कपडे घालतो का आपण? धुण्याच्या सोड्याचं ऊन पाणी मी आणते. आधी याला न्हाऊ घालू, उन्हात चांगला वाळू दे, मग चढवू दे त्यांना रंग."