ट्रेलरविषयीच्या चार ओळी

मी लिहिलेल्या एका मजकुराच्या शेवटी ट्रेलरच्या ब्रेकविषयी चार ओळी होत्या. त्या छापल्या गेल्या नाहीत. बाकीचा मजकूर, दोन फोटो आणि एक तक्ता छापून आला, आणि तो वाचून माझ्या थोरल्या भावाने पिकअप घेतली.

मी एका मराठी दैनिकाची दिल्लीतली बातमीदार. काम मंत्रालयांचं आणि संसदेचं. पण गाड्यांच्या कंपन्या पत्रकारांना चाचणीसाठी ज्या गाड्या देतात, त्यांतल्या बऱ्याच गुरुग्राममधून मिळतात. त्यामुळे पुण्याहून वाहन पुरवणीचा प्रमुख अधूनमधून फोन करायचा, "मॅडम, अधिवेशन संपलं असेल तर एक गाडी चालवून या." दोन पिकअपची तुलना अशीच माझ्याकडे आली. प्रश्न दोनच होते. कोणती जास्त टिकेल आणि कोणती जास्त ओढेल.

त्याच सुमारास दादालाही पिकअप हवी होती. दादा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाला होता आणि आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून मयूर विहारच्या एका सोसायटीत राहायला आला होता. गाडी वहिनीच्या कामासाठी हवी होती. तीस वर्षं वहिनीने दादाच्या ऑफिसातल्या निरोप समारंभांना थालीपीठं आणि मिसळ पुरवली होती आणि प्रत्येकाने तिला हॉटेल काढायचा सल्ला दिला होता. दादा निवृत्त झाला त्या महिन्यात तिने तो सल्ला मनावर घेतला. गाझीपूरच्या एका वेल्डरने तिला चाकांवरचं स्वयंपाकघर बांधून दिलं. लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, एका बाजूला वर उघडणारी खिडकी, आत दोन शेगड्या आणि पाण्याची टाकी. दुपारी ते नोएडातल्या ऑफिसांसमोर उभं करायचं आणि संध्याकाळी परत सोसायटीत आणायचं, असा बेत होता. ओढायला गाडी तेवढी हवी होती.

मी तो ट्रेलर पाहिला होता. पुढे जोडायचा दांडा होता, मागे दिवे होते. चाकांना ब्रेक नव्हते. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

"तू तर दोन्ही गाड्या चालवणार आहेस," दादा म्हणाला. "कुठली घेऊ?"

"रविवारच्या पुरवणीत येईल. वाच."

"अरे यार, तू बहीण आहेस की प्रेस नोट?"

वहिनी आतून म्हणाली, "अहो, तिला असं नका विचारू. नाव न सांगण्याच्या अटीवर विचारा."

आम्ही तिघं हसलो. पण मी सांगितलं नाही. छापण्यापूर्वी निष्कर्ष कुणालाही सांगायचा नाही, घरच्यांना तर नाहीच, हा नियम मी वीस वर्षं पाळला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

टिकाऊपणाची माहिती मी गाझीपूरच्या भाजी मंडईत गोळा केली. तिथे सकाळी शेकडो पिकअप उभ्या असतात आणि माल उतरेपर्यंत ड्रायव्हर मोकळे असतात. दोन गाड्यांपैकी एक साधी होती. एका ओळीची केबिन, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, इंजिन जुन्या घडणीचं. तिच्याविषयी एका ड्रायव्हरने सांगितलं, "मैडम, ये गाड़ी रुलाती नहीं है." दुसरी नवी, चार दरवाज्यांची, ताकदवान. तिच्याविषयी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वो पहले हँसाती है." मी दोन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली. पहिलं छापलं, दुसरं कंपनीला आवडणार नाही म्हणून गाळलं गेलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही.

ओढण्याच्या चाचणीसाठी आम्ही गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्यावर गेलो, कारण दिल्लीच्या आसपास चढउतार तिथेच आहेत. आम्ही म्हणजे मी आणि आमचा फोटोग्राफर. कंपनीने दिलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते. त्यावर वाळूची पोती रचून आम्ही दोन्ही गाड्या चालवल्या. नवी गाडी चढावर सहज गेली, साधी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत गेली. तक्ता तिथेच तयार झाला.

मग फोटोसाठी आम्ही एका तंबूवाल्याकडून जनरेटरची ट्रॉली मागून आणली, कारण पिवळ्या रंगाची ती ट्रॉली फोटोत उठून दिसत होती. तिला ब्रेक नव्हते. उतारावर मी ब्रेक दाबला, गाडीचा वेग कमी झाला, ट्रॉलीचा झाला नाही. तिने मागून गाडीला रेटलं आणि गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकू लागला. मी ब्रेक सोडला, गाडी सरळ झाली, पुढे रस्ता मोकळा होता म्हणून काही झालं नाही.

"मैडम," फोटोग्राफर म्हणाला, "पीछे से कोई धक्का दे रहा था क्या?"

आम्ही गाडी कडेला घेतली. मला त्याच क्षणी वहिनीचं स्वयंपाकघर आठवलं. हे मी नंतर जोडलेलं नाही, तेव्हाच आठवलं. त्या संध्याकाळी मजकूर लिहिताना शेवटच्या चार ओळी मी दादा समोर बसला आहे असं समजून लिहिल्या: "कंपन्या ओढण्याची जी क्षमता सांगतात, ती ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत असं धरून. स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतलेल्या ट्रेलरना बहुधा ब्रेक नसतात. असा जड ट्रेलर उतारावर गाडीला मागून ढकलतो, आणि गाडी जितकी ताकदवान तितकं जास्त वजन जोडण्याचा मोह होतो. आधी ट्रेलरला ब्रेक बसवून घ्यावेत, मग गाडी निवडावी."

लिहिलं म्हणजे सांगितलं, असं आमच्या व्यवसायात मानतात. मीही मानलं.

पान लावताना जागा कमी पडली तर मजकूर खालून कापतात. हे नव्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि म्हणूनच महत्त्वाचं वर लिहायला सांगतात. मी स्वतः कितीजणांना ते शिकवलं आहे. तरी त्या ओळी मी खाली ठेवल्या, कारण वरची जागा आकड्यांची होती आणि पुरवणीचे वाचक आकडे शोधतात.

रविवारी सकाळी ई-पेपर उघडला तर चार ओळी नव्हत्या. त्यांच्या जागी टायरची जाहिरात होती. मी पुण्याला फोन लावला.

"शेवटी जाहिरात आली हो," पुरवणीचा प्रमुख म्हणाला. "खालच्या चार ओळी गेल्या. काही महत्त्वाचं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, ठीक आहे."

मला सरळ विचारलं गेलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. ते मी अनेकदा तपासून पाहिलं आहे. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा सापडत नाही.

त्यानंतर दहा मिनिटांनी मी ते पान दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. सोमवारपासून अधिवेशन होतं आणि माझ्या डोक्यात त्या दिवसाची विषयपत्रिका होती. दादा फोन करेल तेव्हा बोलू, असं ठरवलं. दादाने फोन केला नाही. त्याला जे हवं होतं ते तक्त्यात होतं. "ओढण्यासाठी" या रकान्यात नव्या गाडीसमोर खूण होती. त्याने पानाची रंगीत प्रत काढून ती लॅमिनेट करून घेतली आणि गाडी आली तेव्हा समोरच्या कप्प्यात ठेवली. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस कागद असा जपतो.

सात महिने सगळं नीट चाललं. वहिनीच्या खिडकीसमोर दुपारी रांग लागायची. शनिवारी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी महाराष्ट्रातली मुलंमुली मेट्रोने खास यायची, आणि मिसळीचा कट संपला की तिच्याशी भांडायची. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ट्रेलरच्या चाकांकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा गर्दी होती म्हणून विषय काढला नाही.

मग नोएडाकडे जाताना एका उड्डाणपुलाच्या उतारावर पुढची गाडी थांबली. दादाने ब्रेक दाबला. ट्रेलर थांबला नाही. पिकअप आडवी झाली, ट्रेलर दुभाजकावर आदळून उलटला. दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. दादाला खरचटलं. शेजारी बसलेल्या वहिनीचा उजवा खांदा मोडला.

रुग्णालयाच्या बाकावर दादा म्हणाला, "गाडी तू लिहिलं होतंस तशीच आहे. काही दोष नाही तिच्यात. मीच ब्रेक उशिरा दाबला."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागत नाही. हेही आमच्या व्यवसायातलंच.

वहिनीचा हात बरा झाला, पण खांद्याच्या वर जात नाही. दादाने गाडी चालवणं बंद केलं. ज्या माणसाने तीस वर्षं दिल्लीत स्कूटरला ओरखडा येऊ दिला नाही, तो आता रिक्षात बसला तरी समोरचा दांडा धरायचा. सोसायटीत कुणी विचारलं की सांगायचा, "वय झालं. ब्रेक वेळेवर लागत नाही." ट्रेलर दुरुस्त होऊन सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पडून होता. वहिनी म्हणायची, पुन्हा सुरू करू. दादा म्हणायचा, मी नाही चालवणार.

असं एक वर्ष गेलं. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात होते.

एका रविवारी वहिनीने सांगितलं की दादाने ट्रेलर मोडीत काढायचं ठरवलं आहे, उद्या माणूस येणार आहे. ती हे ताटं मांडताना म्हणाली, डाव्या हाताने. दादा वर पाहत नव्हता.

"माझ्या हाताचं सोड," ती मला म्हणाली. "ह्यांचा स्वतःच्या पायावर विश्वास राहिला नाही. तू तरी समजाव. तुझं ऐकतात, छापील असलं की."

मी घरी गेले आणि तासाभरात परत आले. लॅपटॉपमधून मूळ मजकुराची प्रत काढून आणली होती. शेवटच्या चार ओळींखाली मी काही केलं नव्हतं, रेघही मारली नव्हती. दादाने चष्मा लावून सगळं पहिल्यापासून वाचलं. शेवटी आला आणि थांबला.

"हे मी वाचलंच नाही."

"छापलं गेलं नव्हतं."

"म्हणजे मी ब्रेक उशिरा नाही दाबला?"

"वेळेवर दाबलास. ट्रेलरला ब्रेक नव्हते."

वहिनी म्हणाली, "मोठ्याने वाचा." त्याने चार ओळी मोठ्याने वाचल्या, फायलीवरचा शेरा वाचावा तशा.

"एवढंच?" वहिनी मला म्हणाली. "हे तर अर्ध्या मिनिटाचं आहे. फोन नव्हता तुझ्याकडे?"

"होता."

"आणि गेलं वर्षभर? ते लोकांना सांगत फिरत होते, माझी चूक, माझी चूक. तू ह्याच टेबलावर बसून ऐकत होतीस."

"हो."

दादा चप्पल घालून खाली गेला. खिडकीतून आम्हाला तो दिसत होता. ट्रेलरपाशी वाकून त्याने चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला, मग दुसऱ्या चाकाच्या. मग खिशातून फोन काढला. त्याचा आवाज वरपर्यंत आला, "नहीं भाई, कल मत आना. बेचना नहीं है."

वर आला तेव्हा त्याचा चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता इतका मोकळा होता. माझ्या खांद्यावर थाप मारून तो म्हणाला, "बरं झालं आणलंस." वहिनी स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले.

"ते खूश आहेत," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मी नाही. एवढं लक्षात ठेव."

ट्रेलरला आता ब्रेक आहेत. दादा पुन्हा गाडी चालवतो, पूर्वीपेक्षा सावकाश. खिडकी दुपारी उघडते, पिठाचे गोळे वहिनी डाव्या हाताने थापते आणि वरच्या फळीवरचे डबे दादा काढून देतो. लॅमिनेट केलेलं पान अजून गाडीच्या कप्प्यात आहे. त्याच्या मागे त्याने ती साधी प्रत घडी घालून ठेवली आहे.

मयूर विहारहून नोएडाला वहिनी मेट्रोने जाते. पिकअपमधल्या तिच्या जागेवर पाण्याचे कॅन असतात.