रक्त देणार नाही

नातवंडांनो, तुम्ही दोघं फोनवर म्हणालात, "आजी, एक डीएनए टेस्ट करून टाकू, विषय संपेल." लोहाऱ्याचं घर तुमच्या आजोबांच्या नावावर होतं. ते गेले, आणि त्यांच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या नणंदेनं, कोर्टात अर्ज दिला की तुमचा बाप तिच्या भावाचा नाहीच. तुमचा बाप लाळ द्यायला तयार आहे. मी तयार नाही. का, ते फोनवर सांगवत नाही, म्हणून लिहिते.

फुलसावंगीला, माझ्या सासरी, तुमच्या बापाचं बारसं होतं. मी बौद्ध घरातली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तुमचे आजोबा मोठ्या जमिनीवाल्यांचे. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नणंद पाळण्यावर वाकली. बाळाला न्याहाळलं. आणि ताठ उभी राहिली.

"असं तोंड आमच्या घरात कोणाचंच नाही. मी नाव ठेवून नाही राह्यली. ज्याचं हाये त्याच्या बहिणीले बलवा. हिच्या वस्तीत पुसा."

बायका हसल्या. घुगऱ्या वाटणं चालूच राहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात उभा होता. त्यानं चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला.

आठव्या दिवशी मला बाभुळगावला माहेरी आणून सोडलं. न्यायला कोणी आलं नाही. मी बाळाच्या पोटगीचा दावा लावला. नवऱ्यानं लेखी उत्तर दिलं: मूल माझं नाही.

तालुक्याच्या कोर्टात त्याच्या वकिलानं मला पाळीच्या तारखा विचारल्या. भरल्या खोलीत. मी सांगितल्या. मग तो म्हणाला, "बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही. खरं असन तर रक्त द्यायले भ्या कायचं?"

मी चूक केली. मला वाटलं, देऊन टाकू. तपासणीचा कागद नणंदेच्या दारावर चिकटवू. मी तिथंच ब्लाउजची बाही वर सारली. बाळ कडेवर होतं.

मागच्या बाकावरून नवरा म्हणाला, "एकट्या माह्यावर नोका थांबू साहेब. वस्तीतल्या चार-पाच जणांचं घ्या लागन."

खोली हसली. शिपाईसुद्धा. माझा नवरा हसला, ज्याच्या शेजारी मी दोन वर्षं झोपले.

मी बाही खाली ओढली.

"साहेब, मी रक्त देणार नाही. बाळाचंही देणार नाही. संशय यांना आहे. सिद्ध यांनी करावं."

न्यायाधीशांनी नवऱ्याला विचारलं, "हिला दिवस गेले तेव्हा तुम्ही कुठं राहत होते?"

"घरीच."

"आणि ही?"

"घरीच."

"मग कायद्यानं बाप तुम्हीच."

ते कलम मी नंतर इंग्रजीतून वाचलं. लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरायचं. दोघांना एकत्र येणं शक्यच नव्हतं, हे नवऱ्यानं दाखवलं तरच वेगळं. त्यात माझ्या खरेपणाबद्दल एक शब्द नाही. कायद्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यानं फक्त तुमच्या बापाला वाचवलं. माझ्यावर विश्वास कोणीच ठेवला नाही. आणि आता तुम्ही, सातासमुद्रापलीकडून, अगदी प्रेमानं, तोच पुरावा मागताय.

सोमवारी तारीख आहे. मी कोर्टात उभी राहून पुन्हा नाही म्हणणार. तुमचा बाप लाळ देईल तर माझ्या मर्जीविरुद्ध देईल, आणि मग त्यानं माझ्या घरात पाय ठेवू नये. हे त्याला सांगून झालं आहे. लोहाऱ्याचं घर गेलं तर जाऊ द्या.

तो कोणाचा, हे मी या पत्रातही लिहिणार नाही. तुम्हालाही नाही. तो माझ्या पोटचा आहे. एवढं अजून कोणाला हिरावता आलेलं नाही.