भनपुरीचं जामाचं झाड

“पेरू हो, पेरू! जाम म्हणजे पेरू! बाटलीतला नाही, झाडावरचा!”

सभागृहाच्या दारात प्रभाकर असा ओरडत होता की तिकडे सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या क्षणभर गार पडल्या असतील. समोर गळ्यात बिल्ला अडकवलेला संयोजक. बिचारा दिल्लीकडचा. रायपूरला फळबाग संशोधनाची मोठी परिषद भरली होती आणि आमच्या डॉक्टर प्रभाकरचं भाषण टाकलं होतं जॅम, जेली, मुरब्ब्याच्या सत्रात! आमच्याकडे, नागपूरपासून रायपूरपर्यंत, पेरूला जाम म्हणतात. यानं निबंधाचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘भनपुरी जाम’ असं पाठवलेलं. मी सांगितलं होतं, लेका, पेरू लिही. तर म्हणे, “काहून? झाडाचं नाव ते आहे. उद्या तुले दिनकरच्या जागी सूर्य म्हणू काय?”

तोच प्रभाकर गेल्या महिन्यात गेला. वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात खताची पोती मोजत होतो. “भाऊजी, हे जोडे घालून राहिले होते…” एवढंच त्या म्हणाल्या. मला आश्चर्य वाटलं नाही. हा माणूस अंथरुणावर पडून जाणारच नव्हता. स्थिर बसलेला प्रभाकर पाहिलेला मनुष्य छत्तीसगडात सापडणार नाही. चहा उभ्यानं, जेवण येरझाऱ्यांत. एकदा नागपूरहून आम्ही रेल्वेनं आलो तर गडी गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा फिरत राहिला. माझं तर ठाम मत आहे की तो रायपूरपर्यंत चालतच आला, गाडी फक्त सोबतीला होती. कृषी महाविद्यालयात फळझाडं शिकवायचा तेव्हाही पोट्टे वर्गात कमी आणि त्याच्या मागे बागेत धावताना जास्त दिसायचे.

निवृत्तीनंतर त्याला ते झाड भेटलं. रायपूरच्याच भनपुरी भागात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या आवारात, ट्रकांच्या गर्दीत. पूर्वी तिथं जामाची बाग होती. मर रोग आला आणि उभी झाडं वाळत गेली, सगळी, फक्त हे एक सोडून. पानांवर काजळी इतकी की पावसात झाडाखाली उभं राहिलं तर माणूस शाईत न्हाल्यासारखा दिसे. शिवाय त्याच्या मुळांत डिझेल सांडलेलं. तरी फळ असं गोड की मी एक खाल्लं आणि तीन दिवस बायकोशी भांडलो नाही. प्रभाकरला मात्र गोडीचं काही नव्हतं. त्याला एकच ध्यास लागला होता : हे झाड रोगाला पुरून उरलं, की रोग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही? उरलं असेल, तर याच्या कलमांवर किती बागा वाचतील… घरच्या गच्चीवर त्यानं दोन-तीन कलमं केली होती, पण म्हणायचा, “माझ्या कुंडीत रोगच नाही, मंग हे वाचलं असं कोणत्या तोंडानं सांगू?” रोगट मातीत लावून पाहायला संशोधन केंद्र हवं होतं. आणि घाई होती, कारण आवार वाढवायचं होतं. होळीनंतर झाड पडणार होतं.

म्हणून त्या दिवशी तो दारात ओरडत होता. संयोजक नम्रपणे म्हणाला, “सर, अब तो छप गया है।” मग काय, प्रभाकर मुरब्ब्याच्या सत्रात शिरला. समोर जेलीच्या बरण्या मांडून बसलेल्या बचत गटाच्या बाया. झाडांच्या रोगांचे सगळे जाणकार शेजारच्या मोठ्या सभागृहात. माझा खताचा स्टॉल त्या दोन दारांच्या मधोमध होता, हा देवाचाच हात. मी मोठ्या सभागृहात शिरलो आणि एका टकल्या प्राध्यापकाच्या कानात हळूच म्हणालो, “कोणाला सांगू नका, शेजारी डिझेलवर वाढलेल्या झाडाचा जाम खायला देऊन राहिले, पण मोजकाच आहे.” ‘कोणाला सांगू नका’ हे मी आणखी चौघांना सांगितलं. पाचशे माणूस उठून आलं. बरं, पन्नास धरा.

मग प्रभाकर बोलायला लागला. म्हणाला, झाड चांगलं आहे असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही, पण ते पडायच्या आत कोणीतरी कलमासाठी काड्या घेऊन जा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं पिशवीतून आणलेली फळं खाल्ली, बिया तिथंच थुंकल्या आणि गेले. मागे एकटी उरली ती श्वेता. त्याची जुनी विद्यार्थिनी, रायपुरातल्या आमच्याच तात्यापारा वस्तीतल्या मराठी घरची, पण बोलणं हिंदीतच, आता बाहेरच्या राज्यात संशोधन केंद्रात. “सर, कल सुबह चलें?” एवढंच म्हणाली.

सकाळी आम्ही तिघं भनपुरीला. ती काड्या कापत होती, ओल्या शेवाळात गुंडाळत होती. प्रभाकर झाडाभोवती फेऱ्या घालत होता. “हळू ना बाई… ती नको, ती कोवळी आहे…” ड्रायव्हर लोक ट्रकांवर चढून बघत होते, कोणाची तरी पूजा चालू आहे असं वाटून एकानं चप्पलही काढली.

होळी झाली, झाड पडलं. त्या दिवशी प्रभाकर तिकडे गेला नाही. दिवसभर घरातल्या घरात चालत राहिला. पोरीला फोन मात्र करेना. “तिले काम करू दे. घाई केली तर चुकीचं उत्तर देईन ते.” असं म्हणायचा आणि पुन्हा जिना उतरायचा, चढायचा.

तेराव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. “तुम्ही त्या पोरीला विचारा ना भाऊजी. हे वाट पाहता पाहता गेले…” त्यानंतर मलाच झोप नाही. दुकानात बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही. शेवटी काल श्वेताला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता ओरडलो, “अगं, जगलं का ते?”

तिकडून शांतपणे उत्तर आलं, “पत्ते आए हैं, काका। रोग वाली मिट्टी में लगा दिया है। अभी कुछ कह नहीं सकते।”