अक्काची पेन्शन

अक्काची पेन्शन मी माझ्या खिशातून पाठवत होतो, हे कित्येक वर्षं फक्त मला माहीत होतं. आता अक्कालाही माहीत आहे.

अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर ती मुलाला घेऊन जळगावला आली आणि एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात लागली. त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी कारकून. नऊ वर्षं आणि दोन महिने तिने तिथे काढले. मग काम मंदावलं आणि ती शेजारच्या कारखान्यात गेली.

आमच्याकडे कामगाराने नोकरी सोडली की तो आधी फंड काढतो. घराचे पत्रे बदलायचे असतात, पोरीचं लग्न असतं. फंडाबरोबर पेन्शनचा भागही काढून घेतात आणि नव्या ठिकाणी वर्षं पुन्हा एकपासून सुरू होतात. दहा वर्षं भरली तरच म्हातारपणी महिन्याची पेन्शन. जुनी वर्षं पुढे जोडून घेता येतात, फक्त फॉर्मवर तशी खूण करावी लागते. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांचे फॉर्म मीच भरायचो.

"भाऊ, कोठे खूण करू?" अक्काने विचारलं.

"काढून घे," मी म्हणालो. "ती पेन्शन म्हणजे चहा-बिस्किटापुरती. पैसे माझ्याकडे दे, मी वाढवून देतो."

तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजायचो. मोबाईलवर शेअरचे भाव बघायचो, डबा खाताना लोकांना सांगायचो की पेन्शनच्या भरवशावर राहणारा माणूस बावळट. तिच्या कागदपत्रांची कटकट नको म्हणून तिचे पैसे माझ्याच नावावर म्युच्युअल फंडात टाकले. सहा वर्षांनी दुसऱ्या कारखान्यातून निघाली तेव्हाही तेच केलं. काही वर्षं पैसे खरंच वाढले. तोटा झाला असता तर मी कदाचित थांबलो असतो.

लॉकडाऊनमध्ये बाजार कोसळला. मी घाबरून सगळं विकलं, तिचं आणि माझंही. मग गेलेलं परत मिळवायला उरलेलं ऑप्शनच्या सट्ट्यात लावलं. आठवडाभरात तेही गेलं. मेहरूण तलावाच्या काठावर बसून मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला, जणू आकडा बदलणार होता.

अक्का तोवर मुलाकडे धुळ्याला राहायला गेली होती. माझ्याकडच्या पैशांतून महिन्याचे कधीपासून येतील, एवढंच विचारायची. मी माझ्या पगारातून पाठवायला लागलो. शेऱ्यात 'पेन्शन' लिहायचो. दर एक तारखेला तिच्या फोनवर मेसेज यायचा, तो सून वाचून दाखवायची. दूध आणि गॅस अक्काच्या पेन्शनमधून. त्या पेन्शनच्या जोरावर तिची खाट पुढच्या खोलीत, पंख्याखाली. सून शेजारणींना हसून सांगायची, "आमच्या सासूबाई तर जणू कलेक्टर ऑफिसातून रिटायर झाल्या."

यंदा माझी नोकरी गेली. तीन महिने उसनवारीवर पेन्शन पाठवली. चौथ्या महिन्यात कोणी दारात उभं करेना, तेव्हा मी धुळ्याची बस पकडली आणि अक्काला स्टँडवर बोलावलं. घरी सांगायची हिंमत नव्हती.

बाकावर बसून सगळं सांगितलं. फॉर्मवरच्या खुणेपासून. ती समोरच्या पारोळ्याच्या एसटीकडे बघत होती.

"बठ्ठा पैसा गया का?"

"सगळा."

"मग दर महिनाले येत व्हतं ते?"

"माझ्या पगारातून."

"आनि तुना म्हातारपणले काय शे?"

मी तिकिटाची घडी घालत राहिलो. ती जरा हसली. "लई हुशार व्हता तू. आईनं तुलेच शाळामा घातलं."

हे तिने आयुष्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं. मी शाळेत जात होतो तेव्हा ती कापूस वेचायला जायची.

माझ्यावर ओरडेल, पोराला बोलावेल, असं वाटलं होतं. तेवढी तयारी करून मी आलो होतो. ती फक्त म्हणाली, "सूनले सांगू नको. मेसेज बंद पडाले नको."

"अक्का, माझ्याकडे पाठवायला काही नाही."

"ते मी पाहस."

आता ती दुपारी देवळात भजनाला जाते, असं घरी सांगते. जाते ती चार गल्ल्या पलीकडे, एका बाईकडे उडदाचे पापड लाटायला. लाटणं धरून तिची बोटं आता सरळ होत नाहीत. महिनाअखेरीस मी धुळ्याला जातो. ती पदराच्या गाठीतून नोटा काढते. मी जळगावला येतो, ते पैसे खात्यात भरतो आणि एक तारखेला तिला पाठवतो. शेऱ्यात 'पेन्शन' लिहितो.

पूर्वीपेक्षा रक्कम कमी का, असं सुनेने विचारलं होतं. अक्काने सांगितलं, बाजार पडेल शे, म्हणजे पडलाय.

परवा गेलो तेव्हा तिने नोटा दिल्या आणि वर आणखी दोन वेगळ्या माझ्या खिशात कोंबल्या.

"हे कशाचे?"

"तुनं गाडीभाडं."

नको म्हणायला हवं होतं. परतीच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडे नव्हते. मी घेतले.