दुखणं एकाचं, फेरी दुसऱ्याची

बाबांच्या दवाखान्यात पडद्यामागे बसून अभ्यास केला की भूगोल थोडा आणि किस्सेच फार साठतात. आई अंबरनाथच्या शाळेत शिकवते. ती येईपर्यंत मी बदलापूरला, कात्रपच्या या दवाखान्यात असते. चार लोकांसमोर मला बोलता येत नाही, त्यामुळे पडदा सोयीचा. आतून सगळं ऐकू येतं, आणि पडद्याची फटही चांगली मोठी आहे.

*

आमच्याकडे येणारा माणूस आजारी असेलच असं नाही. बदलापूर गावातल्या एक काकू पोट दुखतंय म्हणून आल्या. कुठे दुखतं, कसं दुखतं, जेवणाआधी की नंतर, सगळं नीट सांगितलं. बाबांनी त्यांना टेबलावर झोपवून पोट दाबलं.

"इथे दुखतं?"

"मला नाही. आमच्या ह्यांना."

"मग त्यांना का नाही आणलं?"

"कसे येतील? पोट दुखतंय ना त्यांचं."

*

उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेले एक शेठ आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं. बाबांनी गोळी दिली आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. महिन्याने मोजलं, तर तेवढंच.

"शेठ, चालणं सुरू आहे ना?"

"एकदम रेग्युलर, डॉक्टरसाब. मेरे को टाइम किधर? बेटे को लगा दिया है."

बाबा हसले. मला हसू येईना, कारण बाहेर बाकावर हिराबाई खोकत होती.

*

हिराबाई बारवी धरणाकडच्या वाडीवरची. तिचा खोकला कोरडा नव्हता, खोलवरून यायचा, आणि थांबला की ती पदराकडे बघायची. वजन उतरलेलं, संध्याकाळी ताप. "टीबी असू शकतो. उल्हासनगरला जाऊन छातीचा फोटो काढा," बाबा दर वेळी सांगायचे.

"तू सुई दे ना, डाक्टर. तिकडं धाडलेली माणसं परत येत नाय."

सोबत तिची जाऊ कमळी असायची. मागे एकदा करवंदं काढताना पडून कमळीचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बाबांनी पट्टा बांधला. शेतीची कामं आली तसा तिने तो सोडून टाकला. हाड जुळलं, पण वर गाठ राहिली.

दोघी गेल्या की मला गणितं सुचायची नाहीत. हिराबाई फोटो काढायला जाईल का, हेच डोक्यात फिरायचं.

*

सुईवर सगळ्यांचाच भारी विश्वास. एक बाई तापलेलं बाळ घेऊन आली. बाबांनी इंजेक्शन भरलं, तर तिने बाळ पाठीशी लपवलं आणि स्वतःचा दंड पुढे केला.

"मला द्या. दुधातून जाईल त्याच्यात."



*

शेवटी एक दिवस हिराबाईने फोटोचा मोठा लिफाफा टेबलावर ठेवला. बाबांनी फोटो ट्यूबलाइटसमोर धरला. "छाती साफ आहे," ते म्हणाले. आवाजात सुटल्यासारखं वाटलं. ते खोकल्याचं औषध लिहायला लागले.

मी फटीतून बघत होते. फोटोत गळ्याजवळच्या हाडावर गाठ होती. दारात कमळी उभी होती, तीच गाठ घेऊन.

दवाखाना माणसांनी भरलेला. तरी मी पडद्याबाहेर आले. "बाबा, ते हाड," एवढंच बोलता आलं.

बाबांनी फोटो पुन्हा उचलला आणि दाराकडे पाहिलं. "हिराबाई, हे हाड मी बांधलंय. हा फोटो कमळीचा आहे."

"हां, तिचाच." हिराबाईने काही लपवलं नाही. "मला येष्टीत दम लागतो. म्हणून तिला धाडली. पण नाव माझंच दिलंन, दुखणं पण माझंच सांगितलंन."

बाबांनी पेशंट तसेच बसवून ठेवले, हिराबाईला रिक्षात घातलं आणि स्वतः उल्हासनगरला नेलं. तिच्या खऱ्या फोटोत छातीत वर डाग निघाला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

"गोळ्या तुम्हीच खायच्या, आणि दाखवायलाही तुम्हीच यायचं," बाबांनी बजावलं. ती येऊ लागली. गाल भरत गेले.

*

मग एकदा कमळी एकटीच आली. बाबांचा आवाज चढला. "हिराबाई कुठाय?"

"कापणीला. भारे उचलते आता, दम नाय लागत."

बाबा खुर्चीत मागे टेकले. मीही वहीकडे वळले. तेवढ्यात कमळी खोकली. कोरडा नव्हता तो खोकला. थांबल्यावर ती पदराकडे बघत राहिली.

"कमळे, हा खोकला कुणाचा?"

"माझाच की."

"उद्याच उल्हासनगरला जा. छातीचा फोटो काढून आण. तुझा."

"माझा कशाला, डाक्टर?" कमळी म्हणाली. "माझा तर काढलेलाच हाय. तूच म्हणालास, साफ हाय."