रफू शोधा, काम फुकट

माझी मावशी रफू करते. लोक म्हणतात, बाई शांत आहे. लोकांना काय माहीत. वीस वर्षं ती एका कोटवाल्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत बसली. कसर लागलेले कोट ती असे भरून द्यायची की मालक ते बिनदिक्कत नवे म्हणून विकायचा. तिनं खिडकीजवळ जागा मागितली, तर त्यानं तिला घरीच बसवलं.

मग तिनं त्याच्या दुकानासमोरच एक खोली घेतली. काचेत काळा कोट टांगला आणि पाटी लावली: रफू शोधा, काम फुकट. लोक काचेला नाक लावून बघायचे. कुणालाच सापडेना.

एकदा मालक रस्ता ओलांडून आला आणि गर्दीसमोर म्हणाला, "गिमिक आहे सगळं. कोट मुळात फाटलेलाच नाही." गर्दी हसली. त्या आठवड्यात गिऱ्हाइकं दिलेले कपडेही परत घेऊन गेली.

"गिमिक म्हणजे गं काय?" मावशीनं मला विचारलं.

"लोकांचं लक्ष वेधायला केलेली करामत. बाहेर गाजावाजा, आत काही नाही, असं हिणवायचं असलं की म्हणतात."

"मग पाटीला म्हणू दे त्याला खुशाल. माझ्या हाताला नाही म्हणायचं."

शनिवारी त्याचं दुकान भरलेलं असताना आम्ही गेलो. मावशीनं टांगलेल्या कोटांवरून बोटं फिरवली, एक राखाडी कोट काढला आणि पूर्ण किमतीला विकत घेतला. पावती हातात आल्यावर तोच कोट काउंटरवर पसरला.

"बाई, हे काय चाललंय?" मालक म्हणाला.

"माझा कोट आहे, मालक."

सुईच्या टोकानं तिनं एक धागा उचलला, कापला, ओढला. मग दुसरा. खिशाखाली बोट जाईल एवढं भोक उघडं पडलं. कॉलरखाली आणखी एक. एका बाईनं अंगातला नवा कोट काढून उजेडात धरला. मालकाचा चेहरा पडला आणि मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

सोमवारी लोक त्याच्याकडे कोट परत आणू लागले. मंगळवारी तो कोटांचा ढीग घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "बाई, एवढे भरून द्या."

"बसा. तुमच्या आधी चार जण आहेत."

तो काचेजवळच्या स्टुलावर बसला. येणारा-जाणारा त्याला बघत होता. मावशीनं चौघांचं काम सावकाश संपवलं, हात धुतले, दिवा मालवला.

"आज नाही जमायचं, मालक. उद्या या."